न वाजवलेली पेटी

दयानंद हुक्केरी बेंगळूरला आला त्याला तीस वर्षं झाली होती, आणि या तीस वर्षांत त्याच्याबद्दल कुणी कुणाला आवर्जून सांगावं असं काही घडलं नव्हतं. संकेश्वरजवळच्या एका खेड्यातून आयटीआय करून तो आला आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे शाफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिला. पुढे कारखान्यात सीएनसी मशीन आलं. ते शिकायला चौघांना पाठवलं, त्यातला तो एकटा टिकला. तेव्हापासून तो मशीनचे प्रोग्रॅम लिहीत आला होता. हत्यार कुठून कुठं जाईल, किती वेगानं जाईल, किती खोल कापेल, हे सगळं आकड्यांत. दासरहळ्ळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं. बायको भाग्यलक्ष्मी जवळच्याच एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासायच्या कामावर होती. मुलगी पवित्रा नोकरी लागल्यावर इलेक्ट्रॉनिक सिटीत मैत्रिणींबरोबर राहायला गेली. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायला दोन-अडीच तास लागतात, त्यामुळे ती महिन्यातून एकदा यायची.

दर शनिवारी संध्याकाळी मात्र दयानंद न चुकता भजनाला जायचा; दुपारची पाळी असली तर शनिवारची तेवढी बदलून घ्यायचा. निपाणी, चिकोडी, खानापूर भागातून पीण्याच्या कारखान्यांत आलेल्या माणसांनी मिळून हे मंडळ काढलेलं. मारुतीच्या देवळामागं एक हॉल होता, तिथं तीस-चाळीस जण जमायचे. दयानंद मागच्या ओळीत बसून टाळ वाजवायचा. पुढं पेटीवर असायचे मल्लाप्पा. सगळे त्यांना मल्लाण्णा म्हणायचे. सत्तरी ओलांडलेले, लेथवरच आयुष्य काढून निवृत्त झालेले, आणि मंडळ सुरू झालं त्या दिवसापासून पेटी त्यांचीच. दयानंदची नजर त्यांच्या बोटांवरून हलायची नाही. लहानपणी गावात पेटी शिकवणारे एक मास्तर होते. वर्ग चालायचा त्या खिडकीखाली हा उभा राहायचा, पण आत जायची हिंमत कधी झाली नाही. घरी विचारावं तर ‘शेणगोठा कोण करणार’ असं उत्तर यायचं. राहून गेलं ते गेलंच.

पवित्राचा जुना लॅपटॉप घरात पडून होता. त्यात तिनं कॉलेजात असताना कसल्याशा प्रोजेक्टसाठी संगीताचा एक फुकटातला प्रोग्रॅम टाकला होता. दयानंदला तेव्हा दुपारची पाळी होती. सकाळी भाग्या कामावर गेली की घर रिकामं. एके दिवशी सहज म्हणून त्यानं तो प्रोग्रॅम उघडला. समोर चौकटींचा कागद आला. आडवं जावं तसा वेळ सरकतो, वर जावं तसा सूर चढतो. एका चौकटीत माउसनं टिचकी मारली की तिथं एक आडवी पट्टी उमटते आणि तेवढा वेळ तो सूर वाजतो. दयानंद बघतच राहिला. हे तर त्याचंच काम होतं! आयुष्यभर तो यंत्राला कुठं जा, किती वेळ थांब हेच सांगत आला होता.

त्यानं गावाकडची एक चाल घातली. त्याच्या खेड्यातली भजनी मंडळी एक गवळण एका वेगळ्याच वळणानं म्हणायची, ते वळण पुढं कुठंच ऐकायला मिळालं नव्हतं. पट्टी पट्टी करत, ऐकत, पुसत, पुन्हा घालत चार सकाळी गेल्या. शेवटी चाल पुरी झाली. रात्री पाळीवरून आल्यावर भाग्याला बसवून त्यानं ती वाजवली.

भाग्या ऐकून म्हणाली, “चाल बरोबर हाय. पण गाडी रिव्हर्स घेतल्यासारखं वाटतंय बघा.”

तिचं खरंच होतं. सूर सगळे जागच्या जागी होते, पण आवाज असा की खेळण्यातला बाजा बरा. दयानंद चिडला नाही, कामाला लागला. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून त्याला कळलं की अशा फाइलीला मिडी म्हणतात आणि तिच्यात आवाज नसतोच मुळी. कुठला सूर, कधी, किती वेळ, किती जोरात, एवढाच हुकूम असतो. वाजवणारा कॉम्प्युटर. त्याच्या पोटात जो हलका, फुकटचा आवाज भरलेला असतो तोच तो काढतो. चांगला आवाज हवा तर चांगली साउंडफॉन्ट घालायची, म्हणजे कुणीतरी खऱ्या वाद्याची एकेक पट्टी दाबून रेकॉर्ड केलेली असते, त्या आवाजांचा साठाच म्हणा. हे त्याला पटकन समजलं. प्रोग्रॅम तोच, पण हत्यार बोथट असलं तर शाफ्टवर चरे उठणारच.

पहिली साउंडफॉन्ट मिळाली तिच्यात अकॉर्डियन होतं, हार्मोनियम नव्हती. गवळण एखाद्या परदेशातल्या जत्रेत वाजावी तशी वाजली. आठवडाभर शोधल्यावर खऱ्या हार्मोनियमची मिळाली, कुणा हौशी माणसानं आपल्या घरची पेटी सूर न् सूर रेकॉर्ड करून ठेवली होती. ती घातल्यावर पहिला सूर उमटला तेव्हा दयानंदच्या अंगावर काटा आला.

तरीही काहीतरी खटकत होतं. मग त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक सूर सारख्याच जोरानं वाजतोय. तो एकेका पट्टीचा जोर कमीजास्त करत बसला. त्यानंतर लक्षात आलं की सगळे सूर चौकटीच्या रेघेवर बरोब्बर पडतायत, आणि माणूस असा कधी वाजवत नाही. जन्मभर त्यानं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक होऊ दिली नव्हती. आता तो मुद्दाम एक सूर किंचित आधी, दुसरा किंचित उशिरा असा सरकवू लागला. शनिवारी मल्लाण्णांच्या हाताकडं बघून आला आणि भाता मागं-पुढं होताना आवाज कसा जरासा दबतो, पुन्हा फुगतो, ते त्यानं रेघ काढून घातलं. थोडा घुमारा दिला, पट्टी दाबल्याची बारीक टकटक मिसळली.

आणि सगळ्यात शेवटी त्यानं एक गोष्ट केली. फोनवर स्वतःच्या खोलीचा आवाज रेकॉर्ड केला. पंख्याची घरघर, खाली गल्लीत कोथिंबीरवाल्याची आरोळी, एक रिक्षा. तो आवाज अगदी हलका करून त्यानं चालीखाली अंथरला. झालं. आता ऐकणाऱ्याला वाटावं की दासरहळ्ळीतल्या एका खोलीत, सकाळच्या वेळी, कुणीतरी मांडी घालून पेटी वाजवतोय.

त्या वेळी त्याच्या मनात फसवायचं होतं का? पुढं कितीतरी वेळा त्यानं हा प्रश्न स्वतःला विचारला. नव्हतं, असं तो छातीवर हात ठेवून सांगू शकला नाही.

त्यानं फाइल मंडळाच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, ‘आमच्या गावाकडची जुनी चाल. माझा छोटासा प्रयत्न.’ दुपारी पाळीवर जाताना बघतो तर चाळीस मेसेज. मंडळाचे सेक्रेटरी आप्पाजी यांनी लिहिलं होतं, ‘वा दयानंदराव! एवढी वर्षं टाळ वाजवत लपून बसला होता होय? बोटं काय फिरायलीत!’ कुणी म्हणालं घराण्यातच असणार. कुणी विचारलं कुणाकडं शिकलात. दयानंद कारखान्याच्या गेटवर उभा होता. ‘अहो, कॉम्प्युटरवर केलंय’ एवढं लिहायला किती वेळ लागला असता? त्यानं लिहायला घेतलंही. मग पुसलं आणि दोन हात जोडलेलं चित्र टाकलं. तेवढंच. एकही खोटा शब्द त्यानं लिहिला नाही.

पुढच्या दोन महिन्यांत त्यानं आणखी तीन चाली टाकल्या. प्रत्येक पहिलीपेक्षा सरस. शनिवारी हॉलमध्ये लोक त्याला पुढं बसायला सांगू लागले. कोण आलं तर ‘हे हुक्केरी, पेटी ऐकलीत का यांची?’ अशी ओळख करून देऊ लागले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याची अशी ओळख करून देत होतं, आणि ते त्याला गोड लागत होतं. वाजवून दाखवा म्हणाले की तो म्हणायचा, “मल्लाण्णांच्या पेटीला मी हात लावणार नाही.” लोक म्हणायचे, केवढा विनय!

फेब्रुवारीत मंडळाला पंचवीस वर्षं पुरी होणार होती. रविवारी सकाळी मोठा कार्यक्रम ठरला. पत्रिका छापून आल्या तेव्हा त्यावर लिहिलेलं होतं, ‘हार्मोनियम – श्री. दयानंद हुक्केरी’. आप्पाजींनी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. त्यानं पत्रिका हातात घेतली, आपलं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाला, “बरं झालंय छापून.”

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी दारावरची बेल वाजली. भाग्याला त्या दिवशी सुट्टी होती, तिनंच दार उघडलं. बाहेर मल्लाण्णा उभे होते, धापा टाकत. मागं रिक्षावाला त्यांची पेटी खांद्यावर घेऊन.

“अण्णा, तुम्ही? फोन करायचा होता, मी आलो असतो की,” दयानंद उठून म्हणाला.

“नाही रे, ही गोष्ट फोनवर करायची नव्हे.” मल्लाण्णांनी पेटी सतरंजीवर ठेवायला लावली, रिक्षावाल्याला वाटेला लावलं आणि भिंतीला टेकून बसले. भाग्यानं पाणी दिलं. पेला घेताना त्यांचा उजवा हात असा हलला की पाणी सदऱ्यावर सांडलं. त्यांनी दुसऱ्या हातानं पेला धरला.

“बघितलास? दोन वर्षं झाली. आधी बारीक होतं, आता वाढलंय. घरात सुद्धा कुणाला सांगितलं नाही. सून विचारते, मी म्हणतो थंडी हाय. भजनात ठेका पकडून कसंतरी रेटतोय. सोडावं म्हटलं तर कुणाच्या हाती सोडायचं? मंडळात दुसरा वाजवणारा कोण होता?” ते थांबले. “तुझं ऐकलं आणि मला झोप लागली बघ. भाता काय सोडतोस! माझ्या धाकट्या भावाला निपाणीला फोन लावून ऐकवलं. म्हटलं, बघ, भाता असा सोडायचा असतो. ही पेटी आता तुझी.”

दयानंदनं पेटीच्या लाकडावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

“आता एकदा वाजव. ती गवळण. समोर बसून ऐकतो, मग जातो.”

दयानंदच्या डाव्या हाताच्या बोटाला आदल्या दिवशी लोखंडाचा कीस लागला होता, त्यावर पट्टी होती. त्यानं ते बोट वर केलं. “अण्णा, आज… बोटाला लागलंय.”

भाग्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि नजर खाली केली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

“असू दे, असू दे,” मल्लाण्णा म्हणाले. “हात जप. तुझ्या हाताची किंमत तुला माहीत नाही.”

ते गेल्यावर भाग्या ट्रे घेऊन आत गेली. कप विसळून आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “काल कामावर लाइनीतल्या चार बायकांनी मला विचारलं, तुमचे मालक एवढं छान वाजवतात, कधी शिकले? मी काय सांगितलं माहीत हाय? लहानपणापासून शिकलेत म्हणून सांगितलं.”

“तू कशाला खोटं बोललीस?”

“मग काय सांगू? माझा नवरा खोटारडा हाय म्हणून सांगू?” तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “मी तोंड बंद ठेवलं. वाटलं, चार दिवसांचं कौतुक, होऊ दे बिचाऱ्याचं. पण त्या म्हाताऱ्याला बोट दाखवलंत ना, ते मला नाही सहन झालं.”

तरीही दयानंदनं पुढचे दहा दिवस दुसरीच धडपड केली. पेटी उघडून शिकायला बसला. एवढी वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं, सूर कुठं आहेत ते माहीत होतं, पण बोटं ऐकेनात. एक हात भात्यावर गेला की दुसरा पट्टीवर थबके. लॅपटॉपवर ज्या जागेला त्यानं सहज रेघ ओढली होती ती जागा हातातून काढताना त्याला घाम फुटला. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली आणि हसून म्हणाली, “शिष्य ठेवलाय वाटतं सर? यारो कलीतायदारे, कुणीतरी शिकतंय, रोज ऐकू येतंय.”  तो ‘हौदु’, होय, म्हणून खाली उतरला. हे आणखी एक खोटं, आणि आता ते किती सहज तोंडातून आलं!

कार्यक्रमाला आठ दिवस उरले तेव्हा त्यानं पेटी कापडात बांधली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि रिक्षा करून नागसंद्रला मल्लाण्णांच्या घरी गेला. मल्लाण्णा अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसले होते. पेटी बघून त्यांचा चेहरा पडला.

“का रे, सूर उतरलाय काय हिचा?”

“नाही अण्णा. मला वाजवता येत नाही.”

“बोट अजून बरं झालं नाही?”

“बोटाचं नव्हे. मला पेटीच वाजवता येत नाही. कधीच येत नव्हती.”

मल्लाण्णांना काही उमगेना. “मग ते कुणाचं? कुणाची रेकॉर्ड लावलीस?”

दयानंदनं तिथंच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. पट्ट्या दाखवल्या. एक पट्टी पुसून दाखवली, तो सूर गेला. पुन्हा घातली, आला. आधी मूळचा खेळण्यातला आवाज ऐकवला, मग हार्मोनियमचा. जोर कसा बदलला, भात्याची रेघ कशी ओढली, सगळं सांगितलं. मल्लाण्णा खुर्चीतून पुढं वाकून पडद्याकडं बघत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

“तो पंख्याचा आवाज येतोय तो?”

“तो मी वेगळा घातलाय.”

“का?”

एवढाच शब्द.  आवाज खरा वाटावा म्हणून, असं दयानंद सांगणार होता, आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की अण्णा हेच तर विचारतायत. खरा वाटावा, पण कुणाला? आणि का? तो पडद्यावरच्या पट्ट्यांकडं बघत राहिला. ऊन मानेवर लागत होतं. वर बघायचं धैर्य होईना.

मल्लाण्णा खुर्चीत मागं टेकले. मग म्हणाले ते स्वतःशीच बोलल्यासारखं. “पन्नास वर्षं पेटी वाजवली. माझ्या भावाला ऐकवून म्हटलं, भाता असा सोडायचा असतो. भाताच नव्हता तिथं.”

“अण्णा, तुमचं काही चुकलं नाही. मीच…”

“तू गप.” त्यांचा हात मांडीवर थरथरत होता, त्यांनी तो दुसऱ्या हाताखाली दाबला. “फसवलंस त्याचं एवढं नाही. पण माझ्या हाताचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं, दयानंद. पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं. ते मी तुझ्या घरात येऊन तुला सांगितलं.”

दयानंद उठला आणि त्यांच्या पायांशी वाकला. मल्लाण्णांनी पाय मागं घेतले. ओरडले नाहीत, रागावले नाहीत, नुसते पाय मागं घेतले. ते त्याला पुढं कितीतरी दिवस दिसत राहिलं.

“पेटी ओट्यावर ठेव आणि जा,” ते म्हणाले. “मंडळाला काय सांगायचं ते तू बघ. मी वाजवीन. माझ्या घरी तू आलास आणि मी तुझ्या घरी आलो, हे मात्र कुठं बोलू नको.”

त्या संध्याकाळी दयानंदनं आप्पाजींना फोन केला. आप्पाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसले. “अरे मग बिघडलं कुठं? पेटी पुढं ठेवून बस, हात हलवत राहा, लॅपटॉप पडद्यामागं. आवाज एकदम ओरिजिनल हाय. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय की.”

“पाहुणे यायलेत, पत्रिका वाटून झाल्यात. माझी इज्जत जाईल रे.”

“तुमची नाही जाणार. मी उभा राहून सांगतो.”

रविवारी सकाळी हॉल भरला होता. बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या, बाहेर उप्पिटाची पातेली उतरली होती. भाग्या तिसऱ्या रांगेत बसली होती, पवित्राही पहाटेच्या बसनं आली होती. तिला आईनं सगळं सांगितलं होतं. सकाळी घरात ती बापाला एवढंच म्हणाली होती, “पप्पा, लॅपटॉप माझाच ना?” त्यात राग होता की चेष्टा, हे त्याला कळलं नव्हतं.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दयानंद माइकपाशी गेला. त्यानं कागदावर लिहून आणलं होतं, पण कागद खिशातच राहिला. “ग्रुपवर मी ज्या चाली टाकल्या त्या मी वाजवलेल्या नाहीत,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरवर एकेक सूर मांडून केल्या. पेटी मला येत नाही. तुम्ही कौतुक केलं तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. कौतुक गोड लागलं म्हणून सांगितलं नाही. मला माफ करा.”

त्याला वाटलं होतं, लोक चिडतील. तशी त्यानं तयारी केली होती. पण हॉलमध्ये मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. “तरी भारीच हाय की!” एकजण ओरडला. दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. आप्पाजींनी माइक घेऊन म्हटलं, “आमचे दयानंदराव म्हणजे कॉम्प्युटर पेटी!” पुन्हा हशा. झालं, विषय संपला. कुणाच्या लेखी ती एवढीच गोष्ट होती. दयानंद मागच्या ओळीत आपल्या जागी जाऊन बसला. त्याला कुणी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मग मल्लाण्णा पेटीवर बसले.

शनिवारच्या भजनात टाळ, मृदंग आणि चाळीस गळ्यांच्या आडोशाला जे झाकलं जायचं ते त्या दिवशी माइकसमोर उघडं पडलं. दुसऱ्याच अभंगाला त्यांचा हात हलला आणि एक सूर दोनदा लागला. मग आणखी एक. गाणारा थबकला, सावरला. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मल्लाण्णांची सून तोंडावर पदर घेऊन बसली होती. ते थांबले नाहीत. कपाळावर घाम, ओठ आवळलेले, आणि त्यांनी शेवटपर्यंत वाजवलं. संपल्यावर सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्यांमध्ये काय होतं ते मल्लाण्णांना समजत होतं आणि दयानंदलाही. पत्रिकेवर नाव हुक्केरींचं नसतं, मल्लाण्णांनी मनानं पेटी खाली ठेवली नसती, तर आपल्या वेळेनं, आपल्या शब्दांत सांगून ते बाजूला झाले असते. तो मान दयानंदनं त्यांच्याकडून काढून घेतला होता. टाळ मांडीवर ठेवून तो जमिनीकडं बघत बसला.

जेवताना भाग्या त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याच्या पानात तिनं लिंबाची फोड ठेवली आणि म्हणाली, “खावा आता.” त्या दिवशी तिनं त्याच्याशी केलेलं ते पहिलं बोलणं होतं.

मल्लाण्णांच्या हाताचं आता सगळ्यांना माहीत झालं होतं. सुनेनं त्यांना दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या. थरथर गेली नाही, पण थोडी कमी झाली. दोन महिने ते भजनाला आले नाहीत. मग एका शनिवारी आले, फक्त दोन संथ अभंग वाजवले आणि पेटी बंद करून ऐकत बसले. पुढं त्यांनी तसाच पायंडा पाडला. उरलेलं भजन टाळ-मृदंगावर चालायचं. आप्पाजींनी दयानंदला दोनदा सांगितलं, लॅपटॉप आण, गॅप भरून निघेल. तो नाही म्हणाला. मल्लाण्णा त्याच्याशी बोलायचे, पण ‘आलास?’, ‘बरं हाय?’ एवढंच. एकदा त्यानं धीर करून विचारलं, “अण्णा, मला शिकवाल का? अगदी पहिल्यापासून?” मल्लाण्णांनी चष्मा पुसला, त्याच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, “आता नको.” ‘आता’ या शब्दाला धरून दयानंद काही दिवस राहिला. पुन्हा विचारायचं मात्र त्याला जमलं नाही.

मिडी त्यानं सोडली नाही. सकाळी घर रिकामं झालं की तो चाली मांडायचा, आवाज सुधारत राहायचा, आणि खरं सांगायचं तर तो आता पहिल्यापेक्षा चांगला करू लागला होता. पण बाहेर कुणाला पाठवायचा नाही. भाग्याला ऐकवायचा. ती भाजी निवडता निवडता ऐकायची आणि कुठं यंत्र वाटतंय ते बरोबर सांगायची.

पाठवलेल्या चार फाइली मात्र परत येणाऱ्या नव्हत्या. त्या एका ग्रुपवरून दुसऱ्यावर फिरत गेल्या. मंडळातल्या कुणाच्या बेळगावच्या मेहुण्यानं चिकोडीच्या मंडळाला पाठवली, तिथून ती धारवाडला गेली. ‘हुक्केरी यांची पेटी, बेंगळूर’ असं कुणीतरी वर लिहून टाकलं होतं. तीन-चार महिन्यांनी एखाद्या अनोळखी नंबरवरून फोन यायचा.

परवाच एक आला. दयानंद कारखान्यात मशीन सेट करत होता, बाहेर येऊन त्यानं फोन घेतला. धारवाडहून एक गृहस्थ बोलत होते, पोक्त, अदबशीर आवाजात.

“हुक्केरी सर का? तुमची गवळण ऐकली. आमच्या घरी सगळ्यांना पाठ झालीय. माझ्या मुलीला पेटी शिकायची आहे. ऑनलाइन शिकवता का?”

दयानंदनं डोळे मिटले. आता तरी सवय व्हायला हवी होती. पण दर वेळी हे वाक्य त्याला नव्यानं जुळवावं लागायचं.

“ती मी वाजवलेली नाही,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरवर केलेली आहे. मला पेटी येत नाही.”

पलीकडून एका रिक्षाचा हॉर्न ऐकू आला.

“असं होय,” ते गृहस्थ म्हणाले. “मग सरी, ठीक आहे.” आणि त्यांनी फोन ठेवला.